उपाशी वाकळा

निपाणी, १२ सप्टेंबर १९७८

तानू,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळींत तीन वेळा वाकळ विचारलीस. दाजी कसे आहेत, पोरांची शाळा काय म्हणते, याला काही जागा उरली नाही वाटतं! असू दे. धाकटीनं मागायचं आणि थोरलीनं द्यायचं, हे आपल्या घरात पहिल्यापासूनच आहे.

तर आता बसून वाच. तुझी वाकळ उंदरांनी खाल्ली. तू पाठवलीस तेव्हा नुसती कड उसवली होती, ते काम दोन दिवसांचं. पण वखारीत घाई चालली होती. सकाळी तंबाखूत शिरायचं ते दिवेलागणीला खोकत बाहेर यायचं. म्हटलं सवडीनं करू, म्हणून माळ्यावर ठेवली. परवा काढली तर मधोमध भगदाड.

ती कसली वाकळ होती हे मला काय तू सांगायला पाहिजे? तुझी शेवंता गोवरानं गेली त्याला आता तीन वर्षं झाली. तिच्या माघारी आईनं ती तुझ्यासाठी शिवली, माझ्याच घरात बसून. शेवटची शिवली. त्यानंतर आईनं सुई धरली नाही आणि दोन वर्षांत तीही गेली.

मी तशीच दुसरी शिवून पाठवते आहे. जुनेर चांगलं मऊ घेतलंय. मधलं हिरवं ठिगळसुद्धा तसंच वाकडं कापलंय. उद्याच्या बेळगावच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते, तुझ्या भरमू पाव्हण्यांना स्टँडवर पाठव. आईनंच मला शिकवलं, तेव्हा माझ्या हातची काय नि आईच्या हातची काय. पांघरून बघ, कळणारसुद्धा नाही.

तुझी
अक्काताई


निपाणी, २० जानेवारी १९७९

तानू,

वाकळ परत आली. सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. कंडक्टरला विचारलं तर म्हणाला, "बाईंनी घडीबी मोडली न्हाय. वरनंच मधी हात फिरवला आनि म्हनल्या, ही आमची न्हवं, ज्येची त्येला दिऊन टाका."

बरं. उंदीर नव्हते. माळ्यावर मांजरच व्यालंय, तिथं उंदीर कुठला यायला!

आता खरं लिहिते. बेळगावातल्या एका दुकानाचा माणूस निपाणीत आला होता. परशराम त्याचं नाव. मुंबईचे आणि गोव्याकडचे लोक म्हणे आता जुन्या वाकळा विकत घेतात, पलंगावर घालतात, भिंतीला टांगतात. वखारीतल्या बायकांत त्यानं विचारणा केली आणि कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी त्याला सात वाकळा दाखवल्या. त्यानं सातही बाजूला सारल्या आणि खुंटीवर तुझी होती तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"ही," म्हणाला. "अशा शंभर देतासा?"

मी म्हटलं, ती आमच्या घरातली आहे, विकायची नाही. तर म्हणाला, नमुना म्हणून तरी द्या, नमुन्याबिगर मालक ऑर्डर देत न्हाईत. तानू, तुला वखार माहीत नाही. तंबाखूचा धुरळा पदरातून, नाकातून, भाकरीतून पोटात जातो. माझ्याबरोबरच्या तिघी तशाच खोकून खोकून गेल्या. शंभर वाकळा म्हणजे सोळा बायकांना घरच्या सावलीत बसून काम. मी दिली. वर्षभरात परत करतो असा त्याचा शब्द आहे.

मी त्याला विचारलं, हे मधलं ठिगळ वाकडं आहे ते सरळ करून घेऊ का? तर म्हणाला, "नगं नगं. त्ये वाकडं हाय त्येच गिऱ्हाइकाला आवडतंय."

ते वाकडं का आहे हे मी त्याला सांगितलं नाही. आई शेवंताचा हिरवा फ्रॉक मागत होती आणि तू सोडत नव्हतीस. मी तुझी बोटं उलगडायला लागले तर आईनं माझा हात झटकला आणि तुझ्या मुठीत होता तेवढा सोडून भोवतीनं कात्री फिरवली. म्हणून ते एका बाजूला कुणी चावा घेतल्यासारखं आहे. मग शेवंताचं तांबडं अंगडं तिनं वाकळेच्या पोटात घातलं, वर मूठभर तांदूळ घातले आणि ते ठिगळ बसवून शेवटचा टाका मारला. आई म्हणायची ते तुला आठवतं ना? "वाकळ उपाशी ठिऊ नये गं. न्हाईतर ती पांघरनाऱ्याच्या अंगातली ऊब खाती."

वर्षभर थांब. मी आणून देते.

अक्काताई


निपाणी, ३ मे १९८१

तानू,

भरमू पाव्हणे परवा बैलबाजाराला आले होते तेव्हा घरी येऊन गेले. चहा घेतला, पण वर मान करून बोलले नाहीत. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "आक्का, तुमास्नी सांगू नगं म्हनलीया ती, पर सांगतो."

तू बेळगावला खडेबाजारात गेली होतीस. दुकानापुढे पाच वाकळा ओळीनं टांगलेल्या होत्या आणि पाचांवरही ते हिरवं ठिगळ. तू एकेकीवर हात ठेवत गेलीस. पाव्हण्यांनी मला तुझेच शब्द सांगितले. "हितंबी पोरगी मेली. हितंबी पोरगी मेली." दुकानदारानं वेडी समजून पोराला पाणी आणायला पाठवलं.

हे ऐकल्यापासून मी जेवले नाही असं लिहीन असं तुला वाटत असेल. नाही लिहिणार. मला राग आला. तुझाच आला. तुझी पोर गेली, मला काय दुःख नाही? पण इथे सोळा घरांच्या चुली त्या ठिगळावर पेटतात. मालूबाईच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. अंबूनं वखार सोडली, तिचा खोकला थांबला. तू तिकडे बेळगुंदीत भाताच्या रानात बसून मला पापी म्हणणार आणि मी ऐकून घेणार, असं चालायचं नाही. आई तुला पाठीशी घालायची, मी नाही घालणार.

दोन दिवस झाले वरचं लिहून. पत्र टाकलं नाही. तंबाखूच्या आंदोलनानंतर टपालाचा घोळ आहे असं स्वतःलाच सांगत होते. आता पुढचं लिहिते.

आमच्यात यल्लव्वा म्हणून एक म्हातारी आहे, बोरगावची. हात फार चांगला, सुई चालताना दिसत नाही. ती मला न विचारता प्रत्येक वाकळेत चार चार तांदूळ टाकायची. नुसती ठिगळं जोडून दिली तर तिला झोप यायची नाही. पावसाळ्यात त्या तांदळाला किडे झाले आणि पूर्ण गठ्ठा परत आला. परशरामनं मला नाही नाही ते सुनावलं. मी ते तसंच यल्लव्वाला सुनावलं, वर दोन शब्द माझे घातले. ती आपली सुई पदराला टोचून उठली.

दारात वळून म्हणाली, "आक्काताई, उपाशी धाडालाईसा. कुनाच्या तरी अंगावर पडनार हाईत ह्या."

आता आम्ही जुनेरही वापरत नाही. पहिल्या बारा वाकळा तेवढ्या खऱ्या जुनेराच्या होत्या. आता गिरणीच्या चिंध्यांचे गठ्ठे येतात आणि हिरवं कापड ताग्यानं येतं. ठिगळ कापायला पत्र्याचा साचा केलाय. तुझ्या मुठीचा साचा, तानू. तो भिंतीला खिळ्यावर असतो आणि जाता-येता मला दिसतो.

नमुना अजून परत आलेला नाही. मी विचारते.

अक्काताई


निपाणी, १८ नोव्हेंबर १९८४

तानू,

तीन वर्षांत तुझी एक ओळ नाही. तरी मी लिहिते आहे, कारण हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. यांना सांगितलं तर म्हणतात, देवऋषाकडं चल.

मला ते ठिगळ कुठेही दिसतं. दवाखान्यात गेले तर डॉक्टरीणबाईंच्या बाकावर ती वाकळ. लग्नाला गेले तर नवरीच्या सामानात. कणकुंबीला माउलीच्या दर्शनाला गेलो, तिथे रानातल्या बंगल्याच्या कठड्यावर वाळत घातलेली. आणि प्रत्येक ठिकाणी माझा हात आपोआप तिच्या मध्यावर जातो. घरी तर रोजचंच. गठ्ठा बांधायच्या आधी मी एकेक वाकळ पसरते आणि मधोमध चाचपते. बायका म्हणतात, "आक्का, काय हुडिकताय?" मी म्हणते, सुई राहिली असेल. सुई कधीच नसते.

मी काय शोधते ते तुला सांगायलाच पाहिजे. सहा वर्षं हे पोटात ठेवलंय.

वाकळ मी नमुना म्हणून दिली नव्हती. विकली होती. परत करायचं बोलणं कधी झालंच नव्हतं. आणि देण्याआधी परशरामनं तिच्यावरनं हात फिरवला आणि म्हणाला, "मधी गाठ लागतीया. तेवढी काडून द्या." मी आत गेले, ठिगळाचे टाके कात्रीनं तोडले आणि शेवंताचं अंगडं बाहेर काढलं. तांदळाचं पीठ झालं होतं. मग वरून ठिगळ पुन्हा शिवलं आणि घडी घालून त्याच्या हातात दिली. पान खायला लागतो तेवढा वेळ लागला असेल.

अंगडं माझ्या ट्रंकेत आहे. इतकी वर्षं तिथंच आहे.

तू विचारशील, का गं आक्का? वखारीचं कारण खोटं नाही, पण ते सगळं खरंही नाही. आईनं तुझ्यासाठी वाकळ शिवली. माझ्यासाठी आईनं कधीही शिवली नाही. थोरली म्हणून मी तिच्याबरोबर बसून गावाच्या वाकळा शिवल्या, माझ्या लग्नात मात्र बाजारची चादर आली. शेवंता गेल्यावर सहा महिने ती माझ्या घरात, माझ्या भाकरीवर, तुझी वाकळ शिवत बसायची आणि मी दोरा ओवून द्यायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? परशराम "ही" म्हणाला तेव्हा माझ्या मनाला बरं वाटलं, तानू. लाज वाटते लिहायला, पण वाटलं खरं.

मागच्या श्रावणापासून मी तुझ्यासाठी एक नवी शिवायला घेतली. जुनेर घेतलं, माझी स्वतःची दोन लुगडी घेतली, साचा भिंतीलाच राहू दिला. म्हटलं, मनानं शिवू, आई शिवायची तशी, हाताला येईल ते. पण हाताला काही येतच नाही. कुठूनही सुरुवात केली तरी तीच वाकळ होते. तीनदा उसवली. आईच्या दोन वाकळा कधी सारख्या झाल्या नाहीत आणि मला दुसरी जमत नाही. एवढ्या वर्षांत मी हजारो वाकळा केल्या आणि या हातात एकच उरली, तीही चोरलेली.

अक्काताई


निपाणी, ९ फेब्रुवारी १९८६

तानू,

तुझं कार्ड वर्षानं आलं. "अंगडं पाठव." एवढंच. पण तुझं अक्षर बघून मी दारातच उभी राहिले, पोस्टमन म्हणाला, "काय वाईट बातमी हाय काय?"

मी अंगडं टपालानं पाठवणार नाही. हरवलं तर? शिवाय आता दुसरी गोष्ट झालीय.

मी बेळगावला परशरामकडे गेले. वाकळांचा धंदा त्यांनी बंदच करत आणलाय, आता सगळीकडे मशीनच्या रजया. मी म्हटलं, मला आईची वाकळ पाहिजे, आहे का जिवंत कुठे? त्यानं बरंच डोकं खाजवलं. नमुन्याची वाकळ पहिल्या बाराबरोबर गोव्याच्या एका हॉटेलात गेली होती. हॉटेलवाल्यानं वापरून वापरून मागच्या साली जुना माल म्हणून परत दिला. बाकीच्या फाटल्या, दोन उरल्या. त्यानं दोन्ही माझ्यापुढे टाकल्या. "ह्यातली एक तुमच्या आईची. मालकांनी तवा नमुन्याला चिठ्ठी लावलीवती, ती काय आता न्हाय. तुमीच वळका."

तानू, मला ओळखता आली नाही.

दोन्ही धुऊन धुऊन एका रंगाच्या झाल्यात. हिरवं ठिगळ दोन्हींवर पांढुरकं पडलंय. टिकाव धरावा म्हणून दोन्हींवरून कडेनं आणि आडवी मशीन मारलीय, त्यात हातचे टाके दिसेनात. मधोमध चाचपलं तर दोन्ही रिकाम्या. आईच्या वाकळेला ओळखायची एकच खूण होती, ती मी माझ्या हातानं काढून टाकली.

परशराम गिऱ्हाइकाशी बोलतात तसा म्हणाला, "मग दोनीबी घिऊन जावा की."

दोन्ही आणल्यात. तू ये. तुला कळेल. माझा उंबरा ओलांडू नकोस, बोलू नकोस, पण वाकळेसाठी ये.

अक्काताई


निपाणी, २२ एप्रिल १९८६

तानू,

तू येऊन गेलीस त्याला आज बारा दिवस झाले.

तू पाणीही न घेता सरळ अंगणात गेलीस. दोन्ही वाकळा मी घोंगड्यावर पसरून ठेवल्या होत्या. तुझे केस किती पिकलेत गं! तू खाली बसलीस, आधी एकीवर तोंड ठेवलंस, मग दुसरीवर, आणि दुसरीवरून तोंड उचललंच नाहीस. "ही," म्हणालीस. "आईचा वास हाय हिला."

मी म्हटलं, थोडं मधलं उसवून आतलं बघू, खात्री होईल. तू माझ्याकडे बघितलंस. "परत कात्री? नगं आक्का."

मग तू अंगडं मागितलंस. मी ट्रंकेतून काढून दिलं. तू ते मांडीवर घेऊन हातानं सारखं केलंस, त्याच्या नाड्या बांधल्यास. माझ्याकडून तांदूळ मागून घेतलेस. ठिगळाची एक बाजू तू दातानं तोडलीस, अंगडं आणि तांदूळ आत घातलेस आणि माझ्याच पायरीवर बसून टाके घातलेस. मी दोरा ओवून देत होते. तू रडली नाहीस. मीच रडले, ते तू बघून न बघितल्यासारखं केलंस. गाडीत चढताना "येतो गं आक्का" म्हणालीस. साडेसात वर्षांनी मला तुझ्या तोंडून असं ऐकायला मिळालं, मी घरी येईपर्यंत तेच ऐकत होते.

दुसरी वाकळ तीन दिवस तशीच पडून होती. चौथ्या दिवशी धुवायला घेतली. भिजल्यावर जड झाली, उचलताना एक कड सुटली आणि आतला थर बाहेर आला.

आत आप्पांचं धोतर आहे. विडीच्या ठिणग्यांची भोकं पडलेलं, ज्यावरून आई त्यांना रोज बोलायची. त्याच्याखाली आजीचं इरकल आहे, आणि हातचे टाके आहेत, आईचे, मुंग्यांच्या रांगेसारखे. ते मशीनखाली दिसत नव्हते, आतून सगळे दिसतात. मी ओल्या अंगणात बसून बोट फिरवत सगळे बघितले.

म्हणजे तू नेलीस ती आईची नाही. पहिल्या बारांतली एक आहे. बहुतेक यल्लव्वाच्या हातची असावी.

मी बोरगावला जाऊन यल्लव्वाला सांगितलं. आता तिला दिसत नाही. ती म्हणाली, "गप बसा आक्काताई. तिची भरलीया न्हवं? मग आता ती आईचीच." चांगलं बोलली. माझ्यासारखीला असंच कुणी सांगायला पाहिजे असतं. तीन दिवस मी तिचं ऐकलं.

पण मला ते धरवत नाही, तानू. उंदराचं पत्र मी अशीच लिहायला बसले होते. तेव्हाही म्हटलं होतं, कळणारसुद्धा नाही. तुला आईचा वास आला, तो खोटा नव्हता. तू जुनेराला तोंड लावलंस आणि तुला आई आठवली. पण आईनं तुझ्या मुठीभोवतीनं कात्री फिरवून कापलेला हिरवा तुकडा माझ्या घरात पडून आहे आणि त्याची नक्कल करून कापलेल्या तुकड्याखाली शेवंता निजलीय. हे मला माहीत असताना तुला माहीत नाही, असं आता आपल्यात नको.

शेवंताला मी एकदा बाहेर काढलं. आता तूच काढ असं मी सांगणार नाही, काढू नको असंही सांगणार नाही. तू ये, किंवा येऊ नकोस. राग धरलास तर तो तुझा हक्क आहे. परत बोलणार नाहीस याची मला फार भीती वाटते, हे लिहूनच टाकते.

आईची वाकळ मी वाळवून, कड शिवून, घडी घालून ठेवलीय. तीन दिवस ती माझ्या खाटेवर पायथ्याशी होती. कालपासून अंगात कणकण आहे, यांनी ती माझ्या अंगावर टाकली. मी काढून ठेवली. ती माझ्यासाठी शिवलेली नव्हती.

अक्काताई